अगस्ति ऋषी आणि विष उतरविण्याचे मंत्र

प्रवरेकाठच्या अगस्ति आश्रमात आपण नेहमी जातो. समुद्र प्राशन करणारे, विंध्याला वाकविणारे अगस्ति पुराणांमुळे आपल्या ओळखीचे आहेत. पण मंत्रविद्येच्या इतिहासातही त्यांचे नाव फार जुने आहे.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १९१ वे सूक्त परंपरेने त्यांचे मानतात. ते विष उतरविण्यासाठीच आहे. एकवीस लांडोरी आणि सात बहिणी, म्हणजे नद्या, यांनी विष वाहून नेले. कसे, तर घागरी घेतलेल्या बायका पाणी नेतात तसे! (ही उपमा पाणवठ्यावरच सुचली असावी.) अथर्ववेदात जंतांना चिरडताना अगस्तींच्याच मंत्राचा आधार घेतला आहे. त्या वेदातील शांतिकर्मे अथर्वन् ऋषींची आणि जारणमारण आंगिरसांचे, असे जुने लोक मानीत. कोणत्या मंत्राबरोबर कोणती वनस्पती वापरावी, हे पुढे कौशिकसूत्राने सांगितले. आपण मीठमोहऱ्यांनी मुलांची दृष्ट काढतो, तीही मला त्याच कुळातली वाटते.

दृष्टीने कुणाचे बिघडत नाही. विषाचे तसे नाही. औषध नव्हते तेव्हा मंत्राने निदान धीर दिला. आज प्रतिविषाची सुई आहे. सर्पदंश झालेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले आहे. भाताच्या आवणीत कुणाला पान लागले, तर आधी गाडी पाहावी आणि सरकारी दवाखाना गाठावा. अगस्तींचे सूक्त वाटेत म्हणता येईल.