चढणीची मासेमारी
चढणीची मासेमारी : पावसाळ्याच्या आरंभी ओढ्यांतून प्रवाहाविरुद्ध वर चढणारे गोड्या पाण्यातील मासे पकडण्याची कोकणातील परंपरागत पद्धती. सिंधुदुर्ग जिल्ह्यात (स्थापना १ मे १९८१) गड, कर्ली इ. सह्याद्रीत उगम पावून मालवणच्या परिसरात समुद्रास मिळणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत ती आढळते. पहिल्या पुराबरोबर मासे अंडी घालण्यासाठी व्हाळांतून (ओढ्यांतून) भातखाचरांपर्यंत येतात. शेतकरी ते पाग (फेकजाळे) व गरी यांनी किंवा बांधाच्या तोंडाशी बांबूचे सापळे लावून पकडतात. उन्हाळ्यात डोहांत गेळफळ कुटून टाकून मासे गुंगविण्याचीही प्रथा होती. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने विष व स्फोटके वापरून मासे मारणे दंडनीय ठरविले. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम (१९८१) समुद्रापुरताच असल्याने त्याखालील पावसाळी बंदी व्हाळांना लागू होत नाही. पूर्वी ही मासेमारी घरच्या कालवणापुरती असे. अंड्यांवर आलेल्या माद्याच हाती लागत असल्याने अतिरेक झाल्यास पुढील पिढीच खुंटते. म्हणून काही मासे वर जाऊ देणे, हाच या परंपरेच्या टिकावाचा आधार होय.