हातमोजे, वांग आणि एक रसायन

गेल्या खेपेला प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारलं होतं, की वांगावरची मलमं मुळात आली कुठून? मी काही डॉक्टर नव्हे, तत्त्वज्ञानाचा मास्तर. पण यात कार्यकारणाचा घोळ असा सुरेख आहे, की आज तोच विषय घेऊ या.

1939 साली अमेरिकेतल्या एका कातडी कमावण्याच्या कारखान्यात कामगारांच्या हातांवर पांढरे डाग उठलेले आढळले. संशय कुणाचाही आधी कातड्याच्या रसायनांवरच जाईल, नाही का? ऑलिव्हर, श्वार्ट्झ आणि वॉरन यांनी शोध घेतला, तेव्हा दोषी निघाले हातमोजे! म्हणजे जे संरक्षणासाठी घातले होते, तेच. रबर लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात मोनोबेंझिल ईथर ऑफ हायड्रोक्विनोन घातलेलं असे. त्याने त्वचेतल्या रंगपेशीच मरत होत्या.

मग विचार असा झाला, की हे रंग घालवतं ना, तर नको असलेला रंग घालवायला वापरू. पण गेलेला रंग परत येईना, तोही ठिपक्याठिपक्यांनी. म्हणून त्याचं सौम्य भावंड, साधं हायड्रोक्विनोन, पुढे आलं. हे मुख्यतः मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला अडवतं.

1975 साली क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड यांचं मिश्रण मांडलं. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतून फिंडले यांनी उलटी बातमी दिली. गोरं करणारी क्रीमं वर्षानुवर्षं लावणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या गालांवर निळसर-काळे, खरखरीत डाग पडत होते. ऑक्रोनोसिस. आणि सापळा पाहा: चेहरा काळवंडला की माणूस तेच क्रीम आणखी लावणार! ज्या राजवटीत कातडीच्या रंगावर राहण्याची जागा ठरे, तिथे त्या बाईला 'लावू नकोस' म्हणणं सोपं नव्हतं. आधी 2 टक्क्यांची मर्यादा आली, ती पुरली नाही. अखेर 1990 मध्ये बंदी झाली.

आपल्याकडे त्या तिहेरी मिश्रणाचेच भाऊबंद औषधाच्या दुकानात साबणासारखे मिळत. 2018 साली केंद्र सरकारने बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी 'जरा वांगाची ट्यूब द्या' हे मी परवाच आमच्या कोपऱ्यावर ऐकलं, आणि ट्यूब मिळालीही.