दुचाकी शर्यतींचे छायाचित्रण (लोणावळा परिसर)

वेगवान दुचाकी आणि तिच्या स्वारास स्थिरचित्रात पकडण्याची कला. लोणावळ्याच्या दक्षिणेस, मुळशी तालुक्यातील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरलेल्या ‘व्हॅली रन’ या ड्रॅग शर्यतींमुळे या परिसरात तिला हक्काचे मैदान मिळाले. ड्रॅग शर्यत सरळ रेषेत, बहुधा पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मी. अंतरात होते. वळण नसल्याने स्वार गुडघा टेकवून झुकल्याचे परिचित चित्र येथे मिळत नाही. छायाचित्रकाराचे लक्ष आरंभरेषेवर असते : धूर सोडणारे मागचे चाक, टाकीवर ओणवलेला देह, आरंभसूचक दिव्यांवर खिळलेली नजर.

ताशी २०० किमी. वेगाची दुचाकी १/१००० सेकंदात साडेपाच सेंमी. सरकते. एवढ्या लघू उद्भासनकालात (कॅमेऱ्याचे द्वार उघडे राहण्याच्या काळात) चाकाचे आरेही बरेचसे गोठल्यासारखे दिसतात आणि गाडी उभी असल्यासारखी भासते. म्हणून जाणकार १/१०० सेकंदाच्या आसपास काळ ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवतात. स्वार रेखीव राहतो, मागचे सह्याद्रीचे डोंगर रेषांत विरघळतात. यात बरीच चित्रे वाया जातात. पण वेग दिसतो तो यातच. उन्हात डांबरावरची तापलेली हवा लांब पल्ल्याच्या भिंगातून थरथरते, त्यामुळे सकाळचा प्रकाश उत्तम.

या मैदानाबाहेरही स्वार टिपता येतात : मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने हौशी स्वार जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने खंडाळा घाट चढतात. मात्र सार्वजनिक रस्त्यावर विनापरवानगी शर्यत लावणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे.