एक चरित्र, चार साक्षी

आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या दक्षिणतीरी, मराठी, तेलुगू, गोंडी व कोलामी या भाषा शेजारीशेजारी नांदतात. अशा प्रदेशात प्रभूचे चरित्र सांगणाऱ्या धर्मशिक्षकाला प्रथम भाषेची अडचण जाणवते. परंतु श्रोता शुभवर्तमाने स्वतः वाचू लागला, म्हणजे त्याहून अवघड प्रश्न पुढे येतो. मत्तयाच्या वृत्तांतात बाळ येशूच्या दर्शनास मागी लोक येतात, लूकच्या वृत्तांतात मेंढपाळ. मार्क तर जन्माविषयी काहीच सांगत नाही. मंदिरातील विक्रेत्यांना घालवून दिल्याची घटना योहान प्रभूच्या कार्याच्या आरंभी देतो, इतर तिघे शेवटच्या दिवसांत. मग खरे कोणाचे मानावे?

हा प्रश्न मंडळीला फार पूर्वीच पडला होता. इ. स. 170 च्या सुमारास तातियान याने चारही शुभवर्तमाने गुंफून एकच वृत्तांत सिद्ध केला. त्याचे नाव ‘दियातेस्सरोन’, म्हणजे ‘चौघांमधून’. सुरियानी भाषिक मंडळ्यांत तो उपासनेत वाचला जाई. चौथ्या शतकात संत एफ्रेम यांच्या नावाने त्यावर भाष्यही झाले. परंतु पाचव्या शतकात एदेस्साचे बिशप रब्बूला यांनी चर्चमधून चार स्वतंत्र शुभवर्तमाने वाचली जावीत असा नियम केला. बिशप थिओडोरेट यांनी तर आपल्या धर्मप्रांतातून या एकत्रित ग्रंथाच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून त्यांच्या जागी चार शुभवर्तमाने ठेवली. तातियानने वंशावळी गाळल्या, ही त्यांची मुख्य तक्रार होती. एकत्र गुंफणाऱ्याला काही ना काही गाळावे लागतेच. आदिलाबादचा सिरो-मलबार धर्मप्रांत 1999 मध्ये चांदा धर्मप्रांतातून वेगळा झाला. त्याची उपासनापद्धती पूर्व सुरियानी परंपरेची आहे. तेव्हा ही हकीकत या जिल्ह्याला परकी नव्हे.

मराठीतही क्रम असाच घडला. इंग्लंडहून 1579 मध्ये गोव्यास आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात चारही शुभवर्तमानांतील सामग्री ओवीबद्ध होऊन एका चरित्रात आली आहे. पुराण म्हटले की श्रोत्याला आरंभापासून अंतापर्यंत अखंड कथा हवी असते. त्या अपेक्षेला ते उत्तर होते. चार शुभवर्तमाने स्वतंत्रपणे असलेला मराठी नवा करार विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून 1811 मध्ये निघाला, म्हणजे जवळजवळ दोन शतकांनंतर. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीही ‘ख्रिस्तायन’ हे अखंड चरित्रकाव्यच आरंभिले. 1919 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पूर्णत्वास नेले. कथा सांगण्यासाठी एकत्रीकरण स्वाभाविक आहे, हे यावरून दिसते. तथापि त्यात काय हरवते, हेही पाहिले पाहिजे.

उत्तम शुक्रवारी आपण वधस्तंभावरील सात उद्गारांवर प्रवचने करतो. हे सात उद्गार कोणत्याही एका शुभवर्तमानात नाहीत. मत्तय व मार्क एकच उद्गार देतात : देवाने आपल्याला सोडले का, हा आक्रोश. लूकमध्ये तीन आहेत : मारणाऱ्यांसाठी क्षमायाचना, चोराला दिलेले वचन आणि पित्याच्या हाती आत्मसमर्पण. योहानात आणखी तीन : आईची सोय, तहान आणि कार्य पूर्ण झाल्याची घोषणा. सातांच्या माळेत तो आक्रोश चौथा येतो आणि पुढच्या शांत उद्गारांनी त्याची धार बोथट होते. मार्कमध्ये मात्र त्याला कसलाही उतारा नाही. ज्याच्या घरी मूल दगावले आहे, त्याला मार्कचा हा प्रभू आपल्याजवळचा वाटेल. मरणशय्येवरील माणसाला लूकचा. माळ ओवताना प्रत्येक साक्षीदाराचा स्वर मंदावतो.

सर्वच भेद मात्र अशा रीतीने उलगडत नाहीत. पहिल्या तीन शुभवर्तमानांत शेवटचे भोजन हे वल्हांडणाचे भोजन आहे. योहानाच्या मते प्रभूला पिलातापुढे नेले तेव्हा ते भोजन व्हायचे होते. यावर अभ्यासकांनी अनेक तोडगे सुचवले, पण सर्वमान्य असा एकही नाही. धर्मशिक्षकाने तसे सरळ सांगावे. इ. स. 400 च्या सुमारास शुभवर्तमानांच्या ऐक्यावर ग्रंथ लिहिताना संत ऑगस्टीन यांनीही, प्रत्येकाने आपल्याला स्मरले त्या क्रमाने घटना सांगितल्या असाव्यात, असे मानले होते.

एकच सोयीचा ग्रंथ हाताशी असताना मंडळीने चार ठेवले, आणि त्यांतील भेदही ठेवले. साक्षीदारांनी आधी संगनमत केले असते, तर असे भेद उरलेच नसते. म्हणून कथा जरूर अखंड सांगावी. परंतु ‘हे लूक सांगतो’, ‘हे योहान सांगतो’ असे म्हणण्याची सवय ठेवावी. मग श्रोत्याने भेद दाखवला, तरी धर्मशिक्षकाला खाली पाहावे लागणार नाही.