श्रद्धेची किंमत : धम्मदीक्षेनंतरची चौतीस वर्षे

पाली वाङ्मयातील ‘सद्धा’ या शब्दाचे ‘श्रद्धा’ असे भाषांतर केले की एक अडचण उभी राहते. मराठी माणसाच्या कानावर श्रद्धा हा शब्द नवस, व्रत आणि देव्हारा यांच्या सोबतीनेच पडत आलेला आहे. तथागतांना ती श्रद्धा अभिप्रेत नव्हती. मज्झिमनिकायातील चङ्कीसुत्तात त्यांनी केवळ परंपरेच्या आधाराने चालणाऱ्या श्रद्धेची तुलना एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेशी केली आणि तिला ‘अमूलिका’ म्हणजे निर्मूळ ठरविले. वीमंसकसुत्तात तर शिष्याने प्रत्यक्ष शास्त्याचीही पारख करावी असे सांगून, त्या पारखीतून उपजणाऱ्या श्रद्धेला ‘आकारवती’, म्हणजे सकारण, म्हटले आहे.

मिलिंदपञ्हात भदन्त नागसेनांनी याच श्रद्धेसाठी पुराचा दृष्टान्त दिला आहे. डोंगरावर मोठा पाऊस होतो, नदी दुथडी भरून वाहते, आणि तिची खोली व रुंदी ठाऊक नसल्याने लोकसमुदाय काठावर भयभीत उभा राहतो. तेवढ्यात स्वतःचे बळ ओळखणारा एक पुरुष कास आवळतो व उडी घेऊन पलीकडे जातो. त्याला पाहून इतर लोकही नदी ओलांडतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले त्याला याहून समर्पक दृष्टान्त सापडणे कठीण आहे. परंतु नागसेनांचा दृष्टान्त पैलतीरावर संपतो. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यापुढचा प्रश्न विचारावा लागतो : पलीकडे पोहोचलेल्या लोकांचे पुढे काय झाले?

पहिला आघात अवघ्या ५३ दिवसांनी झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी, चितेच्या साक्षीने, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या हस्ते जमलेल्या लोकांनी मोठ्या संख्येने धम्मदीक्षा घेतली, ही घटना आपल्या परिचयाची आहे. ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. पण तो इंग्रजीत होता, आणि दीक्षा घेतलेल्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांना मराठी अक्षरओळखही नव्हती. शास्ता गेला, ग्रंथ वाचता येत नव्हता, भिक्षूंची संख्या अत्यल्प होती. अशा स्थितीत एखादी चळवळ विरून गेली असती तर कोणालाही आश्चर्य वाटले नसते.

दुसरा आघात एका दिवसाचा नव्हता. तो रोजचा होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची सदस्य गणली जात नव्हती. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. परिणामी ज्या दिवशी माणसाने ‘बौद्ध’ म्हणून स्वतःची नोंद केली त्या दिवशी केंद्र सरकारच्या राखीव नोकऱ्या व कायदेमंडळाच्या राखीव जागा त्याला बंद झाल्या. गावातले हाल मात्र चालूच राहिले. मेलेली गुरे ओढणे सोडले, गावकीची कामे नाकारली, घरातले देव बाहेर काढले, म्हणून बहिष्कार. आणि शाळेच्या दाखल्यावर किंवा अर्जावर धर्माचा रकाना भरताना पुन्हा तोच पेच.

या पेचाचे स्वरूप एका खटल्यातून स्पष्ट होते. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या राखीव मतदारसंघातून डी. पी. मेश्राम निवडून आले. ते बौद्ध झाले आहेत, सबब राखीव जागेसाठी अपात्र आहेत, अशी हरकत पंजाबराव यांनी घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ मध्ये मेश्रामांच्या विरोधात निकाल लागला. धर्म ‘मानणे’ म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, असा अर्थ न्यायालयाने लावला. श्रद्धा मनात ठेवली असती तर जागा राहिली असती; ती चारचौघांत बोलून दाखविली, म्हणून गेली.

धम्मदीक्षा ही सवलतींच्या लोभाने झाली, असा आक्षेप अजूनही अधूनमधून ऐकू येतो. आक्षेपकांनी १९६१ ची जनगणना पाहावी. आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात १९५१ मध्ये बौद्धांची संख्या सुमारे अडीच हजार होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती बौद्धांना दिल्या होत्या, हे येथे नमूद केलेच पाहिजे. तरीही केंद्राची दारे बंद होती, हे ठाऊक असताना लाखो लोकांनी प्रगणकाला ‘बौद्ध’ असे उत्तर दिले.

हे बळ आले कोठून? पंडितांच्या चर्चांतून ते आले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते आले सायंकाळी वस्तीत होणाऱ्या सामुदायिक वंदनेतून, बाबासाहेबांनी संकलित केलेल्या ‘बौद्ध पूजापाठा’तून, बावीस प्रतिज्ञांच्या उच्चारातून, वर्गणीने उभ्या राहिलेल्या कुडाच्या विहारांतून आणि भजनी मंडळांच्या गाण्यांतून. अंगुत्तरनिकायात लाभ-अलाभ, यश-अयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख असे आठ लोकधर्म सांगितले आहेत. ते अज्ञ जनाच्याही वाट्याला येतात आणि आर्यश्रावकाच्याही, फरक पडतो तो त्यांकडे पाहण्याच्या रीतीत. अलाभ आणि निंदा या दोहोंची तर आपल्या आईवडिलांना रोजचीच ओळख होती. त्यांनी हे सुत्त वाचले नसेल. सवलत गेली म्हणून धम्म खोटा ठरत नाही, एवढे त्यांनी मात्र अचूक ओळखले होते.

सर्वांना हे साधले नाही. मुलाच्या नोकरीसाठी कागदावर जुनी जात राहू देणारे आणि घरात त्रिशरण म्हणणारे कित्येक होते. त्यांना दांभिक म्हणणे सोपे आहे. पण ज्या कायद्याने अन्न आणि श्रद्धा यांपैकी एकाची निवड करावयास लावले, त्याचा विचार आधी व्हावा. शिवाय हेच लोक मोर्चांत होते. १९६४ च्या भूमिहीनांच्या देशव्यापी सत्याग्रहात रिपब्लिकन पक्षाने बौद्धांना सवलती मिळाव्यात ही मागणी जमिनीच्या मागणीबरोबरच मांडली होती.

अखेर १९९० मध्ये व्ही. पी. सिंग यांच्या सरकारच्या काळात संसदेने १९५० च्या आदेशात दुरुस्ती केली. हिंदू व शीख यांच्यापुढे ‘बौद्ध’ हा एक शब्द वाढविण्यात आला. ज्यांनी ऐन विशीत दीक्षाभूमीवर त्रिशरण घेतले होते ते तोवर पन्नाशी ओलांडून गेले होते, आणि नोकरीच्या वयाची अट त्यांच्यासाठी मागे जाणार नव्हती.