नेमका वेध : यकृताच्या कर्करोगावरील एका औषधाचा इतिहास

सोलापूर हें सूत रंगविणाऱ्यांचें आणि विणणाऱ्यांचें गांव. येथील रंगाऱ्यास एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते : जो रंग लोकरीवर घट्ट बसतो, तो सुतावर बसेलच असें नाहीं. प्रत्येक रंगाचें कांहीं ठराविक तंतूंशींच जुळतें. ह्याच साध्या निरीक्षणाच्या वाटेनें अर्वाचीन औषधशास्त्रांतील एक मोठी कल्पना जन्मास आली.

जर्मनींतील पॉल एर्लिख ह्यांस कृत्रिम रंगांनीं पेशी रंगवून त्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याचा नाद होता. एक रंग एका जातीच्या पेशीस धरतो आणि शेजारच्या पेशीस धरीत नाहीं, हें त्यांनीं पाहिलें. मग त्यांच्या मनांत आलें कीं, रंग जर असा निवडून बसतो, तर विषही निवडून कां बसूं नये? जंतु मरावा आणि रोगी वांचावा, एवढीच अपेक्षा. १९१० सालीं उपदंशावरील साल्व्हर्सान हें त्यांचें औषध लोकांच्या हातीं आलें. ‘केमोथेरपी’ हा शब्दही त्यांनींच रूढ केला.

परंतु कर्करोगाच्या बाबतींत हा वेध फार अवघड ठरला. जंतु हा परका असतो. कर्करोगाची पेशी ही आपल्याच शरीरांतील, केवळ मर्यादा सोडलेली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून जीं औषधें निघालीं, तीं भराभर वाढणाऱ्या सर्वच पेशींवर पडत. त्यांत केंस गळत, तोंड येई, रक्त उणावे. यकृताची गोष्ट तर आणखीच बिकट. हा रोग बहुधा कावीळजंतूंनीं अगर मद्यानें आधींच जर्जर झालेल्या यकृतांत उद्भवतो. तेव्हां कडक औषध सोसण्याचें बळच त्या इंद्रियांत उरलेलें नसतें.

येथें शरीररचनेनें एक वाट दाखविली. यकृतास रक्त दोन मार्गांनीं मिळतें. सुमारें तीन चतुर्थांश रक्त आंतड्यांकडून येणाऱ्या शिरेंतून येतें व उरलेलें रोहिणींतून. पण यकृतांतील गांठ मात्र मुख्यत्वें रोहिणीवरच पोसते. हें हेरून १९८० च्या सुमारास जपानी वैद्यांनीं मांडींतून बारीक नळी सरकवीत थेट त्या रोहिणींत औषध सोडण्याची व मागाहून ती वाट बुजविण्याची पद्धत पुढें आणली. दुसरी वाट रसायनशास्त्रानें दाखविली. पेशीस ‘वाढ’ अशी आज्ञा देणारे आणि गांठीकडे नव्या रक्तवाहिन्या बोलावणारे जे रेणू, त्यांनाच अडविणारें सोराफेनिब नांवाचें औषध तयार झालें. वाढलेल्या रोगाच्या ६०२ रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. मध्यम आयुर्मान ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेलें. रोग बरा झाला नाहीं, आणि हातापायांची कातडी सोलणें, जुलाब असे त्रासही होतेच. तथापि गोळी घेऊन ह्या रोगांत आयुष्य वाढतें, हें प्रथमच सिद्ध झालें. २००७ सालीं अमेरिकेंत व युरोपांत ह्या उपयोगास मान्यता मिळाली.

पेशीचा वेध साधला. रोग्याचा मात्र साधावयाचा होता. कर्करोग हा केवळ मोठ्या शहरांचा रोग नव्हे, हें आमच्या जिल्ह्यास चांगलें ठाऊक आहे. बार्शीस १९८७ सालीं खेड्यांतील कर्करोग्यांची नोंद ठेवण्यास प्रारंभ झाला. देशांतील ग्रामीण भागाची ही अशी पहिली नोंद. आणि सोराफेनिबचा महिन्याचा खर्च होता २,८०,००० रुपयांहून अधिक! मागावर राबणाऱ्या कुटुंबानें वर्षाची कमाई एकत्र केली, तरी एका महिन्याच्या गोळ्या येणें कठीण.

किंमत अशी असण्याचें कारण पेटंट. आपल्या १९७० च्या कायद्यानें औषधाच्या कृतीस पेटंट मिळे, खुद्द औषधास मिळत नसे; म्हणून दुसऱ्या कृतीनें तेंच औषध स्वस्तांत बनवितां येई. जागतिक व्यापार करारामुळें २००५ पासून औषधासही पेटंट मिळूं लागलें, आणि २००८ सालीं बायर ह्या जर्मन कंपनीस सोराफेनिबचें पेटंट मिळालें. मात्र कायद्यांत एक कलम राखून ठेवलेलें होतें. तीन वर्षांनंतरही लोकांची गरज भागत नसेल, किंमत परवडत नसेल, अथवा त्या शोधाचा देशांत वापर होत नसेल, तर सरकारला दुसऱ्या उत्पादकास सक्तीचा परवाना देतां येतो.

हैदराबादच्या नॅट्को कंपनीनें प्रथम बायरकडेच परवाना मागितला. तो न मिळाल्यावर २०११ सालीं तिनें मुंबईच्या पेटंट कार्यालयांत अर्ज केला. संशोधनास अफाट खर्च येतो, हें बायरचें म्हणणें. तें खोटें नव्हतें. परंतु मुख्य नियंत्रक पी. एच. कुरियन ह्यांनीं तिन्ही कसोट्या लावून मार्च २०१२ मध्यें परवाना दिला. भारताच्या इतिहासांतील हा असा पहिला परवाना. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत ८,८८० रुपये ठरली. बायरला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वधन, जें पुढें ७ टक्के झालें, आणि वर्षास निदान ६०० गरजू रोग्यांस फुकट औषध, अशा अटी होत्या. २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें हा निर्णय कायम केला व सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घातला नाहीं.

ह्यावरून सर्व महागड्या औषधांचें दार उघडलें, असें मात्र समजूं नये. रक्ताच्या कर्करोगावरील एका औषधासाठीं आलेला पुढील अर्ज २०१३ मध्यें फेटाळला गेला. इकडे विज्ञान थांबलें नाहीं. शरीराची प्रतिकारशक्ति जागी करणारें एक औषध आणि गांठीच्या रक्तवाहिन्या रोखणारें दुसरें, ह्यांची जोडी सोराफेनिबहून अधिक आयुष्य देते, हें २०२० मध्यें दिसून आलें. ह्या नव्या औषधांबरोबर किंमतीचा जुना प्रश्नही परत आला आहे.

मुंबई आणि हैदराबाद ह्यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर आमचें सोलापूर मध्येंच लागतें. ज्या खटल्यानें एका औषधाची किंमत जवळजवळ तिसाव्या हिश्श्यावर आणली, तो ह्याच मार्गाच्या दोन टोकांमध्यें घडला. येथून परळच्या इस्पितळाकडे रोग्यास घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला त्या निकालाची वार्ता कदाचित् नसेलही. पण औषधाच्या दुकानांत मोजलेल्या पैशांत तो निकाल त्याच्या प्रत्ययास आल्यावांचून राहिला नसेल.