आपत्तीतील नुकसान आणि आयकर (जत)

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत या अवर्षणप्रवण तालुक्यात पीक बुडाले, तर आयकरातून मिळणारा दिलासा जवळजवळ शून्य. 1961 च्या आयकर कायद्याने कलम 10(1) अन्वये शेतीउत्पन्न करमुक्त ठेवले. जे उत्पन्न करासाठी धरलेच जात नाही, त्यातला तोटाही अन्य उत्पन्नातून वजा होत नाही. करमाफी हीच सवलत, असा युक्तिवाद होतो. पण डाळिंबाची बाग वाळली त्या वर्षी माफ व्हायला उत्पन्न असते कुठे? म्हणून इथला खरा आधार महसुली : पैसेवारी 50 पैशांच्या आत आली की जमीन महसुलात सूट, शिवाय सरकारी मदत. आपत्तीबद्दल सरकारने व्यक्तीला दिलेली भरपाई कलम 10(10बीसी) ने करमुक्त केली. मात्र ज्या नुकसानीची वजावट आधीच घेतली, तेवढा भाग वगळून.

व्यापाऱ्याचे तसे नाही. अतिवृष्टीत बेदाण्याचा साठा भिजला, तर तो धंद्यातला तोटा म्हणून वजा होतो. पगारदाराचे राहते घर पडले, तर काहीच नाही. दुकानाला दिले ते घराला नाकारले, ही विसंगती समर्थनीय वाटत नाही. दावा करणाऱ्याने पंचनाम्याची प्रत, साठ्याची नोंदवही आणि विम्याची कागदपत्रे जपून ठेवावीत.